माहिती निरंक

वकिली कुणाकडे शिकलात, असं विचारलं की आमच्या धंद्यातले लोक एखाद्या नामांकित सीनियरचं नाव घेतात; हायकोर्टातला असेल तर जरा मोठ्यानेच घेतात. मला एका अव्वल कारकुनाचं नाव घ्यायला हवं. पण तेही घेता येत नाही. ते निवृत्त झाल्यावर, तुमच्यावर चार ओळी लिहिते म्हटलं, तर उखडलेच. "काम केलं, पगार घेतला. पेन्शन वेळेवर जमा होते. यात लिहिण्यासारखं काय आहे?" तेव्हा इथेही त्यांना सगळं तहसील ज्या नावाने हाक मारायचं तेच नाव ठेवते, भाऊसाहेब. महसूल खात्यात भाऊसाहेब पैशाला पासरी असतात, त्यामुळे ओळख फुटायची भीती नाही.

रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सनद घेऊन बसले तेव्हा माझी कामं म्हणजे वारसनोंदी, फेरफारावरच्या हरकती आणि कुळाच्या जमिनींचे जुने वाद. कोर्टापेक्षा तहसील कचेरीतच जास्त वेळ जायचा. नवी वकील, त्यातून बाई, म्हणून खुर्ची कुणी द्यायचं नाही. भाऊसाहेब टेबलाखालचं स्टूल पायाने पुढे सरकवायचे आणि मान वर न करता म्हणायचे, "बसा ताई. तुमचा फेरफार आज होत नाही, पण बसा."

२००६ च्या मे महिन्याचा शेवट असेल. एक कातकरी तरुण कचेरीच्या पायरीवर माझी वाट बघत बसला होता. त्याच्या मेव्हण्याला पोलिसांनी बोलावणं धाडलं होतं. मेव्हणा दिवाळीनंतर बायकोपोरांना घेऊन घाटावर कोळशाच्या भट्टीवर गेला होता आणि हंगाम संपायच्या आत सगळे रातोरात पळून आले होते. भट्टीवाल्याने बयाणा बुडवला म्हणून फसवणुकीचा तक्रारअर्ज ठोकला होता. मी मनातल्या मनात अटकपूर्व जामिनाचा मसुदा जुळवू लागले. उठता उठता तो म्हणाला, "पोरगी तिकडंच हाय."

कुठली पोरगी? बहिणीची थोरली, नऊ वर्षांची. मुकादमाच्या घरी भांडीधुण्याला ठेवली होती. हे पळाले त्या रात्री तिला काढता आली नाही.

आमचं बोलणं पायरीवरून आत गेलं असावं. भाऊसाहेब बाहेर आले, पेनाला टोपण लावलं आणि मला म्हणाले, "जामीन कसला मागताय ताई? फिर्यादी आपण आहोत." मग त्या पोराकडे वळून, "उद्या बहीण-मेव्हण्याला घेऊन ये. वही असली तर वहीपण आण."

जबाब म्हणजे काय हे मला माहीत होतं असं मी समजत होते. ठाण्यातला जबाब ठरलेल्या भाषेत असतो. एकाचा लिहिला की चौघांच्या नावावर खपतो. भाऊसाहेबांनी घेतलेला जबाब मी दुसऱ्या दिवशी पाहिला. माझं जे काही कायद्याचं शिक्षण झालं ते त्या दुपारी झालं, असं मी आजही मानते.

तुम्हाला कोंडून ठेवलं होतं का, मारहाण झाली का, असं त्यांनी विचारलंच नाही. नवऱ्याला बाजूला बसवलं आणि बाईला विचारलं, "बयाणा कधी उचलला?"

"गणपतीत."

"तेव्हा घरात तांदूळ किती होता?"

"नव्हता. नाचणी होती थोडी. सरत आलेली."

"रेशन कार्ड?"

"दुकानदाराकडं. आधीची उधारी होती."

हे सगळं ते शब्दाला शब्द लिहीत होते. मला वाटलं, म्हातारा वेळ घालवतोय. पुढचे प्रश्नही तसेच. भट्टीवरून बाजाराला कोण जायचं? "एकटा जायचा. जोडीनं नाय सोडायचा." ताप आला तर? "खाडा." खाड्याचे पैसे? "अंगावर." सासरा वारला तेव्हा? "मयताला नवरा गेला. मी नि पोरं तिकडंच." कोळसा तुम्हीच पाडला, मग दोन पोती बाजारात नेऊन विकली असती तर? ती गप्प राहिली, प्रश्नच समजला नसल्यासारखी. मग त्यांनी शेवटचा विचारला, "शेजारच्या भट्टीवर पोत्यामागे जास्त दर मिळाला असता तर गेली असतीस?" ती हसली. त्या दिवसात एकदाच. "पैसं अंगावर असताना?"

जबाबाच्या शेवटी एक छापील वाक्य असतं, 'वरील जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला असून तो मला वाचून दाखविण्यात आला.' महाराष्ट्रात या वाक्याइतकं खोटं वाक्य क्वचितच लिहिलं जात असेल. भाऊसाहेबांनी मात्र तो पहिल्यापासून वाचला, सावकाश, आणि मध्येच ती म्हणाली, "पाच नाय, सहा पोती." त्यांनी पाच खोडलं, सहा लिहिलं, खाडाखोडीवर सही केली आणि पुढे वाचू लागले. मग तिच्या डाव्या अंगठ्याची निशाणी.

संध्याकाळी त्यांनी कपाटातून कायद्याची एक पिवळी पडलेली प्रत काढून माझ्यापुढे टाकली. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६. "व्याख्येचं कलम वाचा आणि जबाब शेजारी ठेवा." मी ठेवला. त्या कलमात वेठबिगारीच्या खुणा दिल्या आहेत. उचल घेतल्यापायी माणूस फुकट किंवा नाममात्र मोबदल्यावर राबतो, दुसरीकडे काम धरण्याचं स्वातंत्र्य गमावतो, मोकळेपणाने हिंडण्याफिरण्याचा हक्क गमावतो, आपली मेहनत किंवा मेहनतीचा माल बाजारभावाने विकण्याचा हक्क गमावतो. यातली एक खूण पटली तरी पुरे. भाऊसाहेबांच्या प्रश्नांतला एकही रिकामा नव्हता. बाजार, मयत, पोती, शेजारची भट्टी, प्रत्येक प्रश्न एकेका खुणेवर नेमका बसत होता. तांदळाचा प्रश्न मात्र कुठल्याच खुणेत बसेना. तो कशाला विचारलात म्हटलं, तर म्हणाले, "ते तुम्ही वकील लोकांनी शोधायचं."

मी शोधलं. १९८२ साली दिल्लीत एशियाड व्हायचं होतं. त्याच्या बांधकामावरच्या मजुरांना किमान वेतन मिळत नाही म्हणून एक पत्र सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्या. पी. एन. भगवती यांनी संविधानाच्या तेविसाव्या कलमाचा अर्थ लावला. माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार या दोन्हींना बंदी घालणारं हे एकच कलम आहे. घटनाकारांनी त्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या त्या काही उगाच नव्हेत. भगवतींचं म्हणणं असं की सक्ती म्हणजे फक्त हात बांधणं किंवा कायद्याचा धाक नव्हे. भूक आणि दारिद्र्य माणसापुढे दुसरा रस्ताच ठेवत नसतील तर तीही सक्तीच. आणि किमान वेतनाहून कमी पैशांत जो राबतो तो सक्तीनेच राबतो असं धरून चालायचं. म्हणजे गणपतीत घरात तांदूळ किती होता, हा सर्वोच्च न्यायालयाच्या दृष्टीने पुराव्याचा भाग होता. रायगडातल्या एका कारकुनाला ते ठाऊक होतं, आणि एलएल.बी. झालेल्या मला नव्हतं.

वही शंभरपानी होती. कव्हरवर शाळेचं वेळापत्रक छापलेलं, आत मुकादमाच्या अक्षरात हिशोब. डावीकडे उचल, खावटी, दवाखाना, कुऱ्हाडीचा दांडा, दंड. उजवीकडे जमा पोती. दंड कशाचा? कोळशाची भट्टी म्हणजे लाकडं रचून वर पाला नि माती लिंपून आत नुसती धुमसत ठेवायची. रात्री राखण करावी लागते. कुठे भगदाड पडलं आणि वारा शिरला तर ज्वाळ होते आणि सगळ्या लाकडाची राख. राखणीला बसलेल्या माणसाचा डोळा लागला की ती राख त्याच्या नावावर. तिच्या नवऱ्याच्या पावलांवर जुने-नवे डाग होते. भगदाड पायानेच बुजवावं लागतं, कारण फावडं आणायला वेळ नसतो.

वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'बाकी अंगावर ९,६००.' बयाणा सात हजारांचा होता. सगळं घर दिवाळीपासून राबलं आणि कर्ज वाढलं. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला, त्या वर्षीच्या किमान वेतनाचा दर काढला, दोन मोठ्या माणसांचे दिवस मोजले, खावटी वजा केली. मग ताळा केला आणि कागद माझ्याकडे फिरवला. "आता सांगा, कोण कुणाचं देणं लागतं."

कायद्यातली आणखी दोन कलमं त्यांनी मला दाखवली, ती मी पुढे जन्मभर वापरली. वेठबिगारीपायी असलेलं कर्ज कायदा अमलात आला त्या क्षणी नाहीसं झालं आहे. ते वसूल करणं, इतकंच काय, कुणी आपण होऊन आणून दिलं तरी स्वीकारणं हा गुन्हा आहे. आणि हे कर्ज वेठबिगारीचं नाही असं ज्याला म्हणायचं असेल त्याने ते सिद्ध करायचं, मजुराने नव्हे. फौजदारीत पुराव्याचा भार असा उलटा टाकणारे कायदे थोडे. इतका कडक कायदा तीस वर्षं कपाटात होता.

का होता, तेही त्यांनीच दाखवलं. ऑक्टोबर १९७५ मध्ये, आणीबाणीत, अध्यादेश निघाला. फेब्रुवारी १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. वीस कलमी कार्यक्रमातलं ते एक कलम. भाऊसाहेब तेव्हा नुकतेच लिपिक म्हणून लागले होते. तालुक्यात वेठबिगार किती ते कळवा, असं परिपत्रक आलं. गावोगाव दवंडी पिटली गेली की कुणी वेठबिगार असेल त्याने चावडीवर हजर व्हावं. मालक चावडीवरच बसलेला. कोण येणार? जिल्ह्याला कळवलं गेलं, माहिती निरंक. पुढच्या खेपेला मागच्या पत्राची नक्कल, फक्त तारीख नवी. त्यांनी मला ती अख्खी फाइल चाळायला दिली. निरंक, निरंक, निरंक. सुरुवातीच्या काही वर्षांतलं अक्षर मी ओळखलं. ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

ही तऱ्हा एकट्या आमच्या तालुक्याची नव्हती. फरिदाबादच्या दगडखाणींवरून बंधुआ मुक्ती मोर्चा या संघटनेचं पत्र सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा हरियाणा सरकारने असा पवित्रा घेतला की हे सक्तीचे मजूर असतीलही, पण वेठबिगार नव्हेत, कारण उचल घेतल्याचं त्यांनी दाखवलेलं नाही. डिसेंबर १९८३ च्या त्या निकालात कोर्टाने उत्तर दिलं की माणूस सक्तीने राबतोय हे दिसलं की त्यामागे उचल आहे असं गृहीत धरायचं. नाही म्हणणाऱ्याने पुरावा आणावा. दिल्लीत हे ठरलं, आमच्या फाइलीत मात्र निरंक चालूच राहिलं.

माझे वडील शाळामास्तर. त्यांच्या कपाटात गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' होतं आणि मी ते कॉलेजात असताना वाचलं होतं. त्यातला लग्नगडी मला तेव्हा इतिहासातला वाटला. लग्नासाठी जमीनदाराकडून शे-दोनशे रुपये घ्यायचे आणि नवराबायकोने त्याच्याकडे आयुष्यभर राबायचं, अशी ठाण्याच्या वारल्यांची रीत होती. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेमागे वारली उभे राहिले तेव्हा ती मोडली. १९८० च्या दशकात वसई-भिवंडीच्या पट्ट्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटनेतून वेठबिगार सोडवायला सुरुवात केली, ती याच १९७६ च्या कायद्याचा आधार घेऊन. म्हणजे माझ्या तालुक्यापासून चार तासांच्या अंतरावर माणसं हा कायदा वापरत होती. त्यांचंही ऋण माझ्यावर आहे, कारण मुक्ततेच्या दाखल्यासाठी अर्ज कसा करायचा त्याचा नमुना भाऊसाहेबांनी त्यांच्याच एका जुन्या अर्जावरून उतरवून घेतला होता.

पोरगी आणायची होती. भट्टी दुसऱ्या जिल्ह्यात, तिथला तहसीलदार वेगळा, पोलीस ठाणं वेगळं. रीतसर पत्रव्यवहार केला असता तर दिवाळी उजाडली असती. भाऊसाहेबांनी लँडलाइनवरून तिकडच्या कचेरीत फोन लावला. तिथला अव्वल कारकून त्यांच्याबरोबर महसूल अर्हता परीक्षेला बसला होता. पाचेक मिनिटं दोघांनी कोण कुठे बदलून गेलं याची चौकशी केली, मग भाऊसाहेब म्हणाले, "एक नऊ वर्षांची मुलगी आहे, आज ताब्यात घ्यायची. जबाब फॅक्स करतोय. प्रांतसाहेबांना तू सांग, मी सांगितलं तर प्रोटोकॉल मोडतो." आंतरजिल्हा समन्वय म्हणून शासन निर्णयांत जे लिहिलेलं असतं ते प्रत्यक्षात कसं दिसतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आईबापांना घेऊन मी घाट चढले. मुकादमाच्या परड्यात मुलगी राखेने पातेलं घासत होती. नायब तहसीलदार, एक महिला पोलीस, आम्ही, असे बरेच जण आत शिरल्यावर तिने पातेलं खाली ठेवलं नाही. आईकडे बघून तिने विचारलं, "हिशोब झाला?"

प्रांतांनी दाखला दिला. तिघांच्या नावाने, मुलीचं नाव त्यात घालावं म्हणून भाऊसाहेबांनी फोनवर बरीच घासाघीस केली. तिने स्वतः उचल घेतलेली नाही, असं तिकडचं म्हणणं. कर्ज बापाचं असलं तरी गहाण मुलगीच आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत कुटुंबातला माणूसही येतो, हे त्यांनी कलम वाचून दाखवलं.

खटलाही तिकडेच चालला. या कायद्याखाली राज्य सरकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार देऊ शकतं, त्यामुळे प्रांतांच्याच दालनात. समोरचे वकील अनुभवी होते. त्यांनी मुलीच्या आईला सरळ सवाल टाकले. तुला बांधून ठेवलं होतं? नाही. दाराला कुलूप होतं? "दार नव्हतंच. कागुद होता प्लास्टिकचा." मग कधीही जाता आलं असतं? तिने जरा विचार केला. माझ्या पोटात गोळा आला होता, कारण या प्रश्नाचं उत्तर मी तिला शिकवलं नव्हतं. ती म्हणाली, "पोरगी त्याच्या घरात होती ना. मंग कुलूप कशाला लागतंय?"

त्या उत्तरावर मी पुढे कितीतरी युक्तिवाद उभे केले. मोठमोठ्या परिषदांत अपव्यापार म्हणजे काय यावर तासन् तास बोललेलं ऐकलं. या एका वाक्यात बसलं नाही असं फार थोडं ऐकलं. भाऊसाहेबांनी मला विचारायला शिकवलं असेल, तर त्या बाईने, जिला मी मावशी म्हणते, उत्तर ओळखायला शिकवलं.

आरोपी सुटला. पंच फिरले, मुकादमाने वही आपली नाही म्हटलं. झाली असती तरी शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची आणि दंड दोन हजारांचा. १९७६ पासून तो आकडा हललेला नाही. पण दाखला टिकला, कर्ज गेलं, फसवणुकीचा अर्ज निकाली निघाला. पुनर्वसनाची रक्कम तेव्हा माणशी वीस हजार होती. ती मिळवायला खटल्याहून जास्त हेलपाटे पडले. शेवटी आली, आणि मावशीने शेळ्या घेतल्या, रेशन कार्ड सोडवलं. गणपतीत बयाणा वाटणारा मुकादम पाड्यावर आला की तेव्हापासून ती मला निरोप धाडते. पावसात तिच्याकडून करटुली येतात आणि सोबत बातमी येते, कुठली घरं कुठे निघाली ती. सरकारी सर्वेक्षणं झाली, मीही काहींच्या समित्यांवर होते. मावशीइतकी पक्की खबर एकाही अहवालात नव्हती.

दरम्यान कायदे बदलत गेले. अपव्यापाराविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो प्रोटोकॉलला भारताने २०११ मध्ये मान्यता दिली. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्या. वर्मा समितीने महिनाभरात अहवाल दिला आणि २०१३ मध्ये दंडसंहितेचं ३७० वं कलम नव्याने लिहिलं गेलं. माणसाची भरती, वाहतूक, आसरा, हस्तांतर, धाकाने, फसवून, अधिकाराचा गैरवापर करून, आमिष दाखवून, आणि शोषणासाठी. पीडिताची संमती होती हा बचाव चालत नाही. शिक्षा सात ते दहा वर्षं, मूल असेल तर किमान दहा ते जन्मठेप. दोन हजार रुपये दंडाच्या कायद्यावर वीस वर्षं काढण्याची तयारी ठेवलेल्या मला हे घबाड वाटलं.

पण त्यात एक खोच आहे, आणि ती वकिलांनी लक्षात ठेवावी. फेब्रुवारी २०१३ च्या अध्यादेशात शोषणाच्या व्याख्येत सक्तीची मजुरी स्पष्ट लिहिली होती. दोन महिन्यांनी कायदा झाला तेव्हा ते शब्द गळाले. शारीरिक वा लैंगिक शोषण, गुलामी, गुलामीसारख्या प्रथा, दास्य आणि सक्तीने अवयव काढणं एवढं राहिलं. पालेर्मोमध्ये माणसाच्या अगतिकतेचा गैरफायदा घेणं हेही साधन धरलं आहे. आपल्या कलमात अधिकाराचा गैरवापर आहे, अगतिकता नाही. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा क्रमांक १४३ झाला, शोषणात भीक मागायला लावणं जमा झालं. मजुरी अजून बाहेरच.

याचा परिणाम ठाण्यात दिसतो. एका वीटभट्टीच्या प्रकरणात मी ३७० लावा म्हटल्यावर तिथले साहेब चकित झाले. "मॅडम, ट्रॅफिकिंग म्हणजे लॉजवरची धाड. विटा थापणाऱ्यांना हे कसं लागणार?" मी त्यांच्याशी वाद घातला नाही. जबाब पुढे ठेवला. त्यात तांदूळ होता, बाजार होता, मयत होती, आणि मुकादमाकडे राहिलेला एक मुलगा होता. साहेबांनी तो दोनदा वाचला. ३७०, वेठबिगारीचा कायदा, बालन्याय कायद्याचं ७९ वं कलम आणि ॲट्रॉसिटी अशी सगळी कलमं लागली. तोवर भाऊसाहेब निवृत्त झाले होते. मी फोन करून सांगितलं तर म्हणाले, "ॲट्रॉसिटी लावलीत ना? मग तपास डीवायएसपीकडे जातो. पत्र काढून घ्या."

पुनर्वसनाच्या रकमाही वाढल्या. २०१६ च्या केंद्रीय योजनेत पुरुषाला एक लाख, बाई आणि मुलाला दोन लाख, लैंगिक शोषण किंवा अपव्यापाराच्या भीषण प्रकरणात तीन लाख. ऐकायला फार छान. पण हातात लगेच पडणारी रक्कम वीस हजार, पुढे ती तीस हजारांपर्यंत नेली; उरलेली खटल्याशी बांधली. खटले कसे चालतात ते वर सांगितलंच. ज्याला परवा जेवायला नाही त्याला दोन लाखांचं आश्वासन आणि सात हजारांचा बयाणा यातून निवड करायला लावणं, हे धोरण लिहिणाऱ्याने गणपतीच्या दिवसांत एकदा कातकरवाडीत राहून बघावं.

२०१८ मध्ये अपव्यापारावरचं स्वतंत्र विधेयक लोकसभेत संमत झालं, राज्यसभेत गेलंच नाही, आणि लोकसभेबरोबर २०१९ मध्ये बाद झालं. २०२१ चा मसुदा मसुदाच राहिला. माझे काही सहकारी त्याची वाट बघतात. मी बघत नाही. नवा कायदा नको असं माझं म्हणणं नाही. पण भूक हीसुद्धा सक्ती आहे हे १९८२ पासून ठरलेलं आहे आणि ते जबाबात लिहिणारा माणूस तहसिलात नाही, तोवर आणखी एका कायद्याने फक्त आणखी एक निरंक वाढेल.

हे कडू वाटत असेल तर २०२२ आठवा. नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात एका कातकरी वस्तीतली दहा वर्षांची मुलगी दगावली, आणि मग बाहेर आलं की तिथली लहान मुलं काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिली जात होती. बातम्या झाल्या, गुन्हे दाखल झाले. त्या दिवशी भाऊसाहेबांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार नाही. "ताई, त्या तालुक्याची वेठबिगारांची फाइल कुणी मागवली का?"

त्यांचं देणं फेडायची सोय नाही; ते घेणार नाहीत. म्हणून मी ते वाचकांच्या गळ्यात घालते. १९७६ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक उपविभागात दक्षता समिती असायलाच हवी. अनुसूचित जाती-जमातींचे तीन रहिवासी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते तिच्यावर नेमायचे असतात. तुमच्या प्रांताच्या कचेरीत माहितीच्या अधिकारात अर्ज करा. समितीवर कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्ताची प्रत द्या, एवढंच विचारा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.